झडप थंड होती

मिरान : मग हा दोनशे ऐंशीचा आकडा आला कुठून, दोंगसू? सरळ सांग.

दोंगसू : कुठला आकडा, ताई?

मिरान : वेड पांघरू नकोस. तडकलेल्या झडपेच्या गणितात सुरुवातीचं तापमान तू दोनशे ऐंशी अंश धरलंयस. गांगवॉनच्या डोंगरात, जानेवारीत, वाफ सोडायच्या आधीच झडप भाजून निघत होती काय?

दोंगसू : यंत्र शनिवारी थांबवून सोमवारी चालवलं, की आतून गरमच असतं.

मिरान : अरे, नवीकोरी झडप ती! पहिलीच वाफ. तू ताण मोजायला दोनशे ऐंशीपासून बसलास. तिथवर तापताना जोडातले दोन धातू एकमेकांना ओढतात, ते सगळं गिळलंस. मग जोड संगणकाच्या पडद्यावर हिरवागार, म्हणजे सुरक्षित, दिसणारच. आणि आपण अहवालात लिहून मोकळे, की रचना निर्दोष, सोककाकांचं वेल्डिंग कच्चं.

दोंगसू : तपासणारी सही तुमची आहे, ताई.

मिरान : आहेच. मी रंग पाहिले, सुरुवात नाही पाहिली. पण मला दाट संशय आहे, तू पाहिली होतीस.

दोंगसू : आज अचानक काकांचा कळवळा? का स्वतःची सही वाचवायचीय?

मिरान : दोन्ही समज हवं तर. कुणी घालायला लावला आकडा?

दोंगसू : कुणी नाही. आधीपासूनच होता. फाईल पे साहेबांची, जुन्या कामातली. त्यांनी दिली, मी फक्त झडप बदलली.

मिरान : आणि थंडीचा आकडा घालून पाहिलास?

दोंगसू : ...पाहिला. उणे सहा घातले. जोड लालभडक.

मिरान : देवा रे! आणि गप्प बसलास?

दोंगसू : त्याच संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना जेवायला नेलं. स्वतः माझा पेला भरला. मोठ्यांसमोर पिताना तोंड बाजूला करायची रीत, म्हणून मी फिरवलं, ते फिरलेलंच राहिलं. संचालकांचा आकडा मी पुसायचा? नोकरीला लागून वर्ष नाही झालं, ताई.

मिरान : सोककाकांचा परवाना जाईल. त्यांचं पोट त्यावर आहे.

(दार उघडतं. संचालक पे कॉफीचा कागदी पेला घेऊन आत येतात.)

पे : जेवायला नाही गेलात? कुजबुज कसली चाललीय?

मिरान : काही नाही, साहेब. दोंगसूला काही विचारायचंय.

दोंगसू : ताई!

पे : विचार ना. मी काय खातोय तुला?

दोंगसू : साहेब... पहिली वाफ सोडली त्या सकाळी तुम्ही तिथं होतात. थंडी किती होती?

पे : विचारू नकोस! हाडं वाजत होती. सोकनं बिचाऱ्यानं आपले हातमोजे काढून मला दिले. का रे?

दोंगसू : मग आपल्या गणितात झडप दोनशे ऐंशीवर कशी?

पे : कुणी घातलं हे? फाईल कुणाची?

दोंगसू : तुमची, साहेब.

(पे कॉफीचा पेला टेबलावर ठेवून पडद्यावर वाकतात.)

मिरान : उणे सहापासून केलं तर वेल्डिंग कितीही चांगलं असो, जोड तडकतोच. चूक रचनेची आहे, साहेब. आपली.

पे : सोकला अजून काही कळवलं नसेल ना?

मिरान : सकाळीच कारखान्याच्या फाटकावर त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं.

पे : कुणाच्या सांगण्यावरून?

मिरान : आपल्या अहवालावरून. खाली आपल्या तिघांच्या सह्या आहेत.

पे : आकडा पूस, दोंगसू. माझ्यादेखत पूस. आणि मिरानबाई, सोक राहतो कुठं, तेवढं सांगा. हे फोनवर बोलायचं नाही.