दुसऱ्या घरचं मीठ

घ्या ना, चिवडा घ्या — कधीचा ठेवलाय तुमच्या म्होरं, अन् तुम्ही नुसते ताटलीकडं बघून राह्यले. घरचा हाये, आज सकाळीच केला, शेंगदाणे बी खरपूस तळलेत. न्हाई? मंग चहा? — चहा चालतो म्हणता. बरं बाई, चहा चालतो अन् चिवड्यानं काय पाप केलंय कोण जाणे. नसरीन, पार्सलं बांधायची राहू दे जरा, एक चहा सांग खाली. तुमचं दुःख कळतंय रखमाजी भाऊ, न्हाई असं न्हाई. बायको गेल्यावर घर खायला उठतं. सोनूबाई माझ्याशी बोलायची ना फोनवर, लई गोड बोलायची — आमचे हे अंकुशनगरच्या साखर कारखान्यात काट्यावर होते, जल्मभर दुसऱ्याचा ऊस तोलला पण काटा कधी दाबला न्हाई — असं सारखं कौतिक तुमचं. अन् खरं सांगू का, तुम्ही आल्या आल्या पिशवीतून आपल्या चूर्णाचा डबा काढून टेबलावर ठेवला ना, तवा मी आधी दार लोटून घेतलं. म्हणलं झालं, आता हा मानूस आरडाओरडा करणार अन् खाली मस्तगडातली सगळी दुकानं ऐकणार. गेल्या साली वाटूरचा एक जण आल्ता, त्यानं तर खुर्चीच उचलली — जाऊ द्या ते. तुम्ही तसले न्हाई. तुम्ही सभ्य मानूस हाईत. बसा निवांत.

तर तुमचं म्हणणं मी परत म्हणते, बराबर हाये का बघा. आपलं शुगरचं चूर्ण चालू असताना दुसऱ्या घरचं मीठ पोटात जाऊ द्यायचं न्हाई, हे पथ्य. अन् इंग्रजी गोळ्या, इंजेक्शन बंद, हे दुसरं पथ्य. सोनूबाईनं दोन्ही पाळलं. मंग दवाखान्यात तिची शुद्ध गेली तवा तुम्ही तिचा हात धरला अन् नर्सला सलाईन लावू दिलं. अन् पहाटे ती गेली. तर तुम्हाला एवढंच इचारायचंय की तुम्ही हात धरला म्हणून गेली का. एवढंच ना? एवढ्यासाठी एस्टीनं आलात? फोनवर इचारलं असतं तरी सांगितलं असतं, आपला सगळा सल्ला फोनवरच असतो अन् औषध पार्सलनं. इथं पेशंट कुणी येतच न्हाई. पाटी बी न्हाई लावली आम्ही, बघितलं ना तुम्ही, तीन दुकानांत इचारत आलात.

हे काय आजचं न्हाई, भाऊ. माझ्या सासऱ्यांनी चालू केलं. पंचांगाच्या मागच्या पानावर त्यांची जाहिरात यायची — दमा, मूळव्याध, बाईची अडचण, सगळ्याला एकच गोळी. लोक पोस्टकार्डावर लघवीचा रंग लिहून पाठवायचे अन् सासरे उलट टपाली सल्ला द्यायचे, वर व्ही.पी.नं डबी, पैसे पोस्टमनच्या हातात. शिकलेले न्हवते, पण मानूस वळखायचे. मला म्हणायचे, नंदा, औषध कसंबी असू दे, पथ्य असं दे की राजाला बी पाळता येऊ नये. म्हंजे गुण न्हाई आला तर पेशंट आपल्याला शिव्या द्यायचा न्हाई, स्वतःलाच — हां, म्हंजे पथ्य कडक असलं की शरीराला वळण लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं पथ्य वांग्याचं होतं. आता वांगं काय, कुणी बी सोडतं. मिठाचं मी काढलं. म्हंजे ग्रंथातून काढलं. लग्न हाये, बारसं हाये, तेरवी हाये, सोयऱ्याच्या घरी गेलं अन् भाकरीचा तुकडा न मोडता उठलं असं चालतं का आपल्याकडं? मानसं जल्मभर बोलत न्हाईत. म्हणून समदे मोडतात. मंग फोन येतो, ताई, शुगर उतरंना. मी इचारते, कुठं जेवले? की तिकडून फोन ठेवून देतात. पण तुमची सोनूबाई — सख्ख्या भाच्याच्या लग्नात घरून डबा घेऊन गेल्ती म्हणं, अन् कोपऱ्यात बसून खाल्ला, वहिनी रुसली तरी. असं पाळणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं न्हाई. अन् खरं सांगते, असल्या मानसाचीच भीती वाटते.

थांबा हां, फोन वाजून राह्यला. — बोल अक्षता. अगं फ्रीजच्या दारात हाये, वरच्या कप्प्यात. जेवायच्या आधी टोच बाबांना, नंतर न्हाई. अन् सुई नवी घे, कालची नको. हां. अन् त्यांनी आज फिरून आल्यावर काय आकडा आला ते लिहून ठेव, संध्याकाळी डॉक्टरला दाखवायचंय. ठेव. — सून हाये माझी. ते आपले शेजारचे बाबा, म्हातारे हाईत, त्यांचा फ्रीज बिघडलाय म्हणून त्यांचं इंजेक्शन आमच्याकडं ठेवलंय. असं काय बघून राह्यले? चहा घ्या, निवून चालला.

तर दवाखान्याचं. तुम्ही म्हणता, नेली तवा बोलत होती, पण जीभ नुसती लाकूड झाल्ती अन् श्वास मोठा मोठा घेत होती. डॉक्टर म्हणाला, अंगातलं पाणी गेलंय, आधी सलाईन. अन् तिनं हात पदरात घेतला. नर्सनं सुई घातली तर उपसून टाकली, दिवसभर कुणाला हात लावू दिला न्हाई. तुम्हाला वाटलं सुईला भ्याली. चूर्णाच्या आधी रोज शुगरचं इंजेक्शन घेणारी बाई सुईला भील कशाला? तिचा इचार बराबर होता — ताई, सलाईन म्हंजे मिठाचंच पाणी ना, अन् ते काय आपल्या घरचं न्हाई, मंग घेऊ का नको — असं सरळ इचारलं तिनं मला, आवाज खोल गेल्ता पण इचारणं एकदम सरळ, अन् मी —

काय? कधी म्हंजे? त्याच दिशी. फोन केल्ता तिनं. तुम्ही खाली मेडिकलला गेल्ते असाल. तुम्हाला म्हाईत न्हाई का? — आता मला वाटलं तुम्हाला म्हाईत असंल. हे बघा, मी काय तिच्या उशाला बसले होते का? मी शिंप्याकडं उभी, ब्लाउज तिसऱ्यांदा बिघडवल्ता त्यानं, मशीनचा खडखडाट, माझं डोकं तापलेलं, त्यात ह्या बाईचा फोन. मी म्हणलं, पथ्य म्हंजे पथ्य, सोनूबाई. समद्यांना म्हणते तेच म्हणलं, तोंडात बसलेलं असतं, मानूस राम राम म्हणतो तसं. ती म्हणाली, बरं ताई. अन् फोन ठेवला. एवढंच झालं. माझ्याकडं असं बघायचं काम न्हाई. नवऱ्याला सोडून परक्या बाईला फोन करावा वाटला तिला, तो का वाटला, ते तुम्ही स्वतःला इचारा. तुम्ही म्हणला असता नगं घेऊ, न्हाईतर म्हणला असता घे. तुम्ही दिवसभर काहीच म्हणला न्हाई. खाटंशी बसून राह्यले.

आता तुमचा सवाल. कशाला ऐकता, झालं गेलं — ऐकायचंच हाये? बरं. न्हाई म्हणलं तर तुम्ही मोकळे व्हाल, मला कळतं. पण मंग उद्या तुम्हीच इचाराल, हात धरल्यानं न्हाई गेली, तर कशानं गेली, आधीच लावलं असतं तर काय — अन् तिथून पुढं मानूस कुठं कुठं जातो. म्हणून सांगते. होय. पथ्य मोडलं. बाईनं शुद्धीत असेपर्यंत सांभाळलं, अन् शुद्ध गेल्यावर तुम्ही हात धरला. चूर्ण अन् परकं मीठ रक्तात एक झालं की मंग वाचत न्हाई मानूस. तुम्ही प्रेमापोटी केलं, त्याला कोण काय म्हणंल. पण केलं तुम्ही. — रडायचं असंल तर रडा, फक्त त्या खुर्चीला टेकू नका, पाय डगमगतो तिचा.

झालं? चला मंग. डबा ठेवा इथंच, उघडलेला हाये, परत घेता येत न्हाई, पण मी टाकून दीन. — द्यायचा न्हाई? मंग काढला कशाला? मात्रा इचारायला? कुणाची मात्रा?

तुमची.

तुम्हाला बी शुगर हाये, हे न्हाई बोलली ती कधी. — काय, ती म्हणल्ती, राहिलेलं वाया घालू नका, म्हणून घेता? अन् गोळ्या? त्या बी बंद केल्या. कधीपासून घेऊन राह्यले? तेरवीनंतर. हां, तेही बराबर, आधी लोकांनी आणलेला कडू घास खावा लागतो, मीठ आलंच त्यात. सगळा इचार केलाय तुम्ही. अन् म्हणून हा चिवडा —

न्हाई, काही न्हाई. ठसका लागला.

तहान लई लागून राह्यली का, भाऊ? लागते. रात्री उठावं लागतं? वजन उतरलंय, ते दिसतंयच, सदरा लोंबून राह्यला. घरी कोण असतं तुमच्यासंगं? कुणीच न्हाई. पोरगी सासरी. — बरं. तहान लागली म्हंजे चूर्ण अंगातलं विष भायेर काढून राह्यलं, चांगलं लक्षण हाये ते. एक चमचा सकाळी, कोमट पाण्यात. गोळ्या बंदच ठेवा. अन् चक्कर बिक्कर आली तर पोरीला उगं घाबरवू नका, पडून राह्यचं. उठा आता, पार्सलची गाडी यायची वेळ झाली. जिना अंधारा हाये, भिंतीला धरून उतरा. सावकाश.

गेला का? — नसरीन, रडतीस काय, इकडं ये. तो चिवडा परत डब्यात भर. हात न्हाई लावला त्यानं.