तिसरी प्रत

(पनवेलच्या हॉस्पिटलातून अंकिताचा फोन, शेजारी आई भामा. पलीकडे धाकटा भाऊ प्रणित, द्रोणागिरीतल्या सर्व्हर रूममध्ये.)

अंकिता : अरे, अजून गोल गोल फिरतंय! डॉक्टर खोळंबलेत. बाबांच्या डोक्यात गुठळी झालीय. मागच्या वर्षी आत रक्तस्राव झाला होता का, हे तो जुना स्कॅन बघितल्याशिवाय कळत नाही. झाला असेल तर हे इंजेक्शनच जीव घेईल म्हणे.

प्रणित : ताई, उघडेल फाइल. रांगेत आहे.

अंकिता : कसली रांग? हॉस्पिटलच्या फायली तूच सांभाळतोस ना?

प्रणित : म्हणूनच तर अडकलोय. प्रत्येक फाइल आम्ही तीन मशीनवर ठेवतो. सकाळी दोन गेली. तिसरं धापा टाकतंय. ते बंद पडायच्या आत सगळं दुसरीकडे उतरवतोय. फायली उघडायची कामं मागे टाकलीत. मीच टाकलीत.

अंकिता : मग बाबांची पुढे घे!

प्रणित : मधेच दुसरं काम दिलं तर त्या मशीनची डिस्क कायमची बसेल. अजून बाकीच्या हॉस्पिटलांतल्या कितीतरी लोकांचं उतरायचंय.

अंकिता : इकडे त्यांचा उजवा हात हलत नाहीये. साहेबांना विचार.

प्रणित : उचलत नाहीत. उचलला तरी हात लावू नकोस म्हणतील.

भामा : आन गो फोन हिकडं. प्रणित, काय चाललंय तुजं?

प्रणित : आई, तूच सांग. बाबा करंजाच्या बंदरावर मासळीच्या लिलावासाठी होड्यांचे नंबर लावायचे. आपली होडी कधी पुढे घेतली त्यांनी? बर्फ संपला तरी नाही.

भामा : नाय घेतली. मासली नरम पडायची, ती मी सुकवायची. ह्यांना सुकवू काय रं आता?

प्रणित : आई...

भामा : माजा हात धरून हाय तुजा बाप. एकाच हातानं.

प्रणित : फोन ठेवू नका.

अंकिता : काय करतोयस? प्रणित? अरे बोल ना!

प्रणित : बघ आता.

अंकिता : आलं! उघडलं रे! थांब, डॉक्टर बघतायत... नाही म्हणाले! जुना रक्तस्राव नाही! इंजेक्शन देतायत. प्रणित, ऐकलंस का?

प्रणित : ऐकलं. बरं झालं.

अंकिता : मग आवाज असा का?

प्रणित : डिस्क बसली.

अंकिता : म्हणजे जे उतरायचं राहिलं होतं ते...

प्रणित : गेलं.

अंकिता : बॅकअप असेल ना?

प्रणित : त्या तीन प्रती, तोच बॅकअप होता.

भामा : सोड ते सगलं. ये रं बाला, बापाजवल येऊन बस.

प्रणित : नाय येता यायचं, आये. दुसऱ्या हॉस्पिटलचा फोन वाजतोय. त्यांना पन जुना स्कॅनच हवा असंल.