शेकहँड

(सुरतेतल्या एका क्लबचं टेनिस कोर्ट, १९९३. दुपार. हिलाल बॉल टाकतो आहे, त्याची मुलगी रंजना मारते आहे.)

हिलाल : गेला परत तारेबाहेर. हात भरून आला असेल तर बस, माय. मला अजून चुन्याच्या उरलेल्या रेषा मारायच्या. पाचला शेठलोक येतील.

रंजना : हात नाही भरला, आबा. पकड खोटी आहे.

हिलाल : खोटी? गुजराती शाळेत जाऊन मराठी बिघडवली. चुकीची म्हण. आणि चुकीची कशी? एकोणीस वर्षं ह्याच पकडीनं शेठलोकांना खेळवतो मी.

रंजना : खेळवता. ते जिंकावेत म्हणून. मला जिंकायचंय.

हिलाल : कोणी भरवलं हे?

रंजना : टेनिस कॅम्पच्या मॅडमनी. सोमवारपर्यंत फोरहँडची पकड बदलली नाही, तर टीममधून नाव काढणार.

हिलाल : चुकतं काय, ते सांगितलं?

रंजना : तळहात दांड्याच्या वर येतो. मागे पाहिजे. वर आला की रॅकेट आभाळाकडे बघते, बॉल पण तिकडेच जातो. हात खालून वर न्यायचा, डाव्या खांद्यापर्यंत. मी मध्येच अडते. हसल्या त्या. म्हणे, कढई ढवळते का गं?

हिलाल : कढई नाही. रंगाची टाकी.

रंजना : म्हणजे?

हिलाल : इथं यायच्या आधी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये सहा वर्षं उकळत्या रंगात कापड ढवळलं. दांडा वरूनच धरायचा, नाहीतर वाफेनं हात सोलून निघतो. इथं आलो तर हाताला तेवढंच ठाऊक. तेच तुला दिलं.

रंजना : कोणाला विचारायचं ना!

हिलाल : कोणाला? कोच मेंबरांना शिकवायचा, मी तारेजवळ बॉल वेचायचो. एवढंच कानावर यायचं, 'रॅकेटशी शेकहँड करा.'

रंजना : मॅडम पण हेच म्हणाल्या! बराबर तर होतं. मग तसं का नाही धरलं?

हिलाल : शेकहँड कसा करतात, कुठं ठाऊक होतं? मॅच संपली की ते एकमेकांचे हात धरायचे. माझ्याकडे टॉवेल फेकायचे. एकोणीस वर्षांत एकानंही हात पुढं नाही केला.

रंजना : ...आबा, हात द्या.

हिलाल : चुना लागलाय.

रंजना : लागू दे. वरून नाही हो. समोरून. तळव्याला तळवा. हां, अस्सं. आता धरा घट्ट.

हिलाल : किती वेळ धरायचा असतो?