शंभर टक्के एकोपा

भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. भाजलेला हात धरून तेजराम दवाखान्याच्या बाकावर बसला होता. शेजारी औषधाला आलेली ठकूबाई तिथल्या मनकर्णा आयेशी बोलत होती.

"ते प्रोफेसर कायले आले होते व?"

"दवाखान्यातले लोक मिळून काम करतेत का, ते मोजाले. अकरा जणांचे अकरा फारम."

"तू काय लिवलं?"

"मले कुठं लिवता येते? कंपाउंडरनं सगळ्यांचे भरले, आमी अंगठे देल्ले. शंभर टक्के एकोपा निंघाला! प्रोफेसर म्हणे, असं कुठंच नाही पाह्यलं."

"पण तू न् कंपाउंडर तर पोळ्यापासून बोलत नाही ना?"

"म्हणून तर माहा फारम मले न विचारता भरला."

तेजरामला राहवेना. "बाई, माह्या हाताची पट्टी?"

"ते कंपाउंडरचं काम. आत बसून हाय."

"मंग जाऊ आत?"

"असं नाही जाता येत. तो मले आवाज देईन, मंग मी तुमाले नेईन."

"कवा देईन आवाज?"

"पोळ्यापासून तर नाही देल्ला."