सहीले भाऊच पायजे

मी सुशीला, पांढरकवड्याच्या पलीकडच्या तांड्यातली. याडीच्या, म्हनजे मायच्या, मागं मागं लहानपनापासून लोकाइच्या वावरात कापूस येचाले जात होती. तिथंच कमल भेटली, मोठ्या कास्तकाराची पोरगी, पन नवऱ्याले सोडून आलती म्हनून भावानं घरात घेतलं नाही. येचनीत आमचं दोघीचं गाठोडं एक, वजनकाट्यावर एकत्रच चढे. मंग घरबी एक झालं. लोक इचारत, बहिनी हा काय? मी म्हनत होती, नाही बापा, संसार करून राह्यलो. तोंडं अशी होत, काय सांगू तुमाले, कारलं चावल्यावानी. होऊ दे.

तं मागच्या हिवाळ्यात कमलचं पोट असं दुखाले लागलं का बिचारी वाकूनच गेली. ऑटोत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरबाई म्हने अपेंडिक्स हाये, लगेच ऑपरेशन करा लागते, नातेवाईकाची सही पायजे. म्या पेन उचलला. खिडकीवरचा बाबू म्हने, तुमी कोन? म्हनलं, तिची घरवाली. हसला मेला. बाजूच्या सिस्टरले सांगून अजून हसला. म्हने रक्ताचं मानूस आना, नाहीतं बहीन लिवून टाका, कोनाले समजते. वा रे शहान्या, खोटं लिवलं तं चालते, खरं सांगतलं तं चालत नाही! नाही लिवलं म्या. कमल तिकडं कन्हून राह्यलती, लिवून द्याले पायजे होतं, त्याचं अजूनबी मनाले लागते. पन बाबूनं तिच्याजोळून नंबर घेऊन भावाले फोन लावलाच होता.

आला भाऊ. इस्तरीचा शर्ट, कपाळाले टिळा, बारा वर्सात बहिनीले जिती हायेस का मेली, इचारलं नाही. त्याले खुर्ची, मले दाराच्या बाहेर. सिस्टर इचारते, कोन्या औषधाची रिॲक्शन हाये काय? तो म्हने, छे, आमच्या घरात कोनालेच नाही. अन् ठोकली सही. घरात म्हने! म्या दार ढकललं अन् बोंबलली, बाई, पेनिसिलिन देऊ नोका, मांगं तिचा गळा सुजला होता, मरता मरता वाचली, हे पाहा चिठ्ठी. बटव्यात ठेवतच असतो मी. डॉक्टरबाईनं चिठ्ठी वाचली, भरलेली सुई बाजूले ठेवली, मंग भावाची सही खोडून कागद माह्यापुढं सरकवला. बाबूचा चेहरा पाहाले पायजे होता. अन् भाऊ? ऑपरेशन संपाच्या आधीच फटफटीवर पसार.

आता त्या दवाखान्यात सात रंगाचा फलक लावला, सगळ्याइचं स्वागत हाये म्हने. मले बोलावलं, चार शब्द बोला, हारबी आनलता. म्या इचारलं, फारमावरचा नात्याचा रकाना बदलला काय? दवाखान्याचा साहेब म्हने, ते वरून याचं हाये. म्हनलं, मंग हार त्या फलकालेच घाला. अन् निघाली.

कमल बरी हाये, जड उचलत नाही, गाठोडं मीच उचलतो. बाबूबी तिथंच हाये, खिडकीवर. देव त्याचं भलं करो. कधी पडला दुखन्यात तं त्याची औषधं ठाऊक असनारं मानूस त्याच्या उशाशी असो, अन् त्याले कोनी दाराबाहेर उभं न करो.