कोरी टेप

हॅलो? … हो, हँगरच. … अगं ग्वेन! थांब, कॉम्प्रेसर बंद करते. … हं, बोल. केलोनात म्हणे कडक ऊन आहे. … इथे प्रिन्स रुपर्टला काय असणार? पाऊस. तू गेलीस तेव्हा लागलेला अजून थांबायचाय.

… कोणी सांगितलं? … तुझा भाऊ म्हणजे गावचा रेडिओ. हो, टेसच होती, माझी गुणाची लेक. पाण्यावर विमान उतरवताना ओंडका दिसला नाही, विमान ज्यावर तरंगतं तो फ्लोट घासला. … नाही गं, तिला काही झालं नाही. सकाळी तीन सिनॅमन बन खाल्ले, माझ्यासाठी एकही ठेवला नाही.

… डावा. … का? … ग्वेन? डावा म्हटल्यावर एवढी का दचकलीस?

… हं. … हं. … आणि हे तीन वर्षं मनात घेऊन बसलीस? … अगं ऐक ना… बरं, तू बोल आधी.

… आठवतो ना तो दिवस. मी धक्क्यावर रंगाचे डबे उतरवत होते, आणि तुला इथे हॉस्पिटलचा फोन आला, तुझा आर्ने गेल्याचा. परत येऊन बघते तर तू त्या फ्लोटशेजारी उभी, हातात रिकामा फवारा. … म्हणजे रंगाखालचं ते सिलेन मारून रिकामा झाला, की भरलाच नव्हता, हेच आठवत नाही? … हं. आणि ते मेलं पाण्यासारखं, वाळलं की मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी मी वरून रंग मारला, मलाही काय कळणार? त्याआधीचं जुनं पिवळं अस्तर बरं, लावलं की सोनेरी दिसायचं.

… ए, दिसायला बरं म्हटलं! त्याच्या विषारी वाफेनेच तर माझी छाती भरली होती. मालकाशी तू भांडली नसतीस, ‘ते पिवळं तरी जाईल नाहीतर मी’ असं ठणकावलं नसतंस, तर… अगं, काल जिना चढताना मी गात होते. … बेसूरच! पण दमसास बघ ना.

… हो, माहितीये गं. सिलेन नसेल तर रंगाला धरून ठेवणारं कोणी नाही. खारं पाणी आत शिरणार, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होणार. … शनिवारी टेस याच फ्लोटवर उतरणार आहे, मला नको का कळायला? आत्ताच बघते. फोन खांद्याला लावलाय, बोलत राहा.

… घासलंय तिथे धातू उघडा पडलाय. कडेने भुकटी… नाही दिसत. … लावलाय चष्मा! … पात्याने रेघा मारतेय. उभ्या, आता आडव्या. … हो, पार धातूपर्यंत. … टेप लावली. … नखाने दाबली गं बाई, नखानेच, तूच शिकवलंयस. … सिलेन नसेल तर रंग टेपबरोबर पापडासारखा निघून येईल, मग अख्खा फ्लोट खरवडू. टेसचा मोसम बुडेल, बुडू दे. लेक बुडायला नको. … तू श्वास घे आधी. … ओढते हं.

ग्वेन.

… अगं, काही नाही! काही नाही आलं! कोरी! … खिडकीशी नेऊन बघितली, रंगाचा कण नाही. … बरं बाई, तुझ्या खात्रीसाठी पुढच्या टोकालाही मारते. थांब… … हीपण कोरी.

… रड. रड गं. मी आहे इथे.

… तुझं डोकं आर्नेपाशी गेलं होतं, हात मात्र इथे कामावर होते. त्या हातांच्या भरवशावर माझी पोर तीन वर्षं समुद्रावर उतरतेय, आणि मला ठाऊकसुद्धा नव्हतं. ग्वेन, मी तुझे… … बरं, नाही म्हणत. पण मानतेय, समजलं?

… सामनची बरणी पाठवतेच. … ती नको? मग काय हवंय? … टेप? … कोरी टेप? … अगं, पाकीट उघडून तुझी लेक म्हणेल, डार्लीनमावशीला वेड लागलं, यात तर काहीच नाही.

… हो गं. तेच तर पाठवतेय.

… ठेव आता, टेस आली बघ, भिजून चिंब. … हो, हो… सांगते तिला. … नाही, नुसतं सांगत नाही. आधी मिठी मारते. ठेव.