कैलाशच्या हातातही बंद पडली

हॅलो? … हॅलो, कोण? … दीप्ती! अगं, चष्मा नव्हता डोळ्यांवर, नाव दिसलंच नाही. जय भीम, बेटा. बोल.

हो, आली गाडी. दुपारीच आणून दिली कैलाशनं गॅरेजमधून. … सांगतो ना.

नाही, किल्ली अजून माझ्याजवळच आहे.

अगं, ऐक ना… हो, हो, लक्षात आहे. मीच कबूल केलं होतं. गाडीत दोष निघाला नाही तर दोष माझा. मग मी चालवणं सोडायचं, गाडी विकून टाकायची, आणि तुझ्या आईला मंगळवार-शुक्रवार गोंदियाला न्यायला तू नागपूरहून ऑटो ठरवून देणार. सगळं पाठ आहे. झोपताना म्हणत असतो मी ते.

पण दोष निघाला.

निघाला म्हणून तर सांगतोय. … नाही, नवीन सेन्सर नाही टाकला. … नाही गं, बावीस हजारही नाही लागले. तू ऐक तरी.

आई? बरी आहे. पडवीत बसली आहे उन्हात, उजव्या हातानं चेंडू दाबून राहिली. … हो, फिजिओवाल्या मॅडमनं दिला तोच. आज अंगठा हलला थोडा. … खरंच. पार्वता, दीप्ती विचारून राहिली, अंगठा हलला का? … मान हलवते. हो म्हणते. म्हणूनच म्हणतो, शुक्रवार चुकायला नको. गेल्या महिन्यात तीन खेपा चुकल्या तर बोटं परत आखडली होती.

ऑटो नको गं. मागच्या वेळी करून पाहिलं ना? ऑटोत ती उजव्या अंगाला कलंडते. मी धरून बसलो होतो, तर दोघंही कलंडलो. गाडीत निदान पट्टा असतो.

हो… रुळांवर बंद पडली होती. मी कुठे नाही म्हणतो? आई आत बसलेली आणि गाडी रुळांवर. चार माणसांनी ढकलली. रेल्वेला वेळ होता, पण ते आपल्याला काय माहीत. … मी विसरलो नाही, दीप्ती. ते विसरता येत नाही.

बरं, थोडक्यात सांगतो. … थोडक्यातच. पहिल्यांदा पिवळा दिवा लागला, तेव्हा कैलाशनं ते यंत्र जोडलं. त्यात आलं, क्रँकचा सेन्सर गेला. इंजिन फिरून राहिलं की नाही, ते सांगणारा. अठराशे रुपये. टाकला. आठ दिवसांनी गाडी पुन्हा बंद. मग यंत्र म्हणालं, ऑक्सिजनचा सेन्सर. तो धूर तपासतो. बेचाळीसशे. टाकला. तरी बंद. मग तर यंत्रात काहीच येईना. तेव्हा कैलाश म्हणाला, सर, गाडीचं डोकंच गेलं असेल, बावीस हजार लागतील. आणि तू म्हणालीस, बाबा, डोकं गाडीचं…

हो, पुढचं नाही बोललीस. पण मला ऐकू आलं.

नाही गं, राग कशाचा? मलाही तेच वाटत होतं. सोळा वर्षं जुनी गाडी आणि बहात्तर वर्षांचा माणूस. कोणाचं बिघडलं हे यंत्रानं तरी कसं सांगावं?

आता एक सांगतो, हसू नको. मी पहाटे उठून बंद गाडीत बसत होतो. … काही नाही. क्लच दाबायचा, सोडायचा. पहिला गिअर, दुसरा गिअर. पाय चुकतो का आपला, ते पाहत होतो. … एकदा-दोनदा नाही. महिनाभर. … आईला माहीत होतं. खिडकीतून पाहायची ती.

अगं, रडायला काय झालं? … सर्दी? बरं, सर्दी तर सर्दी.

तर आज कैलाश म्हणाला, मीच चालवून पाहतो. तो चालवायला, मी बाजूला. बसस्टँडच्या पुढचा तो मोठा ब्रेकर आहे ना? त्याच्यावरून उतरलो आणि… बंद! त्याच्या हातात! भर रस्त्यावर! मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून राहिला, एक बाई मोटारसायकलवरून काही तरी बोलून गेली, आणि कैलाश घामाघूम. दीप्ती, मला वाईट वाटायला पाहिजे होतं ना? मला इतकं बरं वाटलं… अडीच महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मान ठेवायला? कोणाचा, माझा? … अगं, मी शिक्षक कुठे होतो, ग्रंथपाल होतो मी. कैलाश सर म्हणतो हे खरं. कॉलेजात असताना पुस्तकं न्यायचा आणि एकही कधी वेळेवर आणलं नाही त्यानं. मान ठेवणारा असता तर पुस्तकं आणली असती.

मुद्दाम बंद पाडली असेल? … कैलाशनं? … असं करेल का तो?

थांब, आता मलाही शंका आली.

… नाही, नाही. पाय मी पाहत होतो ना त्याचे. घरून निघाल्यापासून मी दुसरं काही पाहतच नव्हतो. क्लच बरोबर होता त्याचा.

सापडलं ते वहीमुळे. … माझी वही. गाडी बंद पडली की मी लिहून ठेवत होतो. तारीख, वेळ, जागा, कितवा गिअर, ऊन होतं का ढग होते. … अकरा वेळा. … नव्हती दाखवली ना! तेच तर. प्रत्येक वेळी पिशवीत घेऊन गॅरेजला जायचो आणि तशीच परत आणायचो. वाटायचं, तो हसेल. म्हणेल, सरांनी गाडीचंही रजिस्टर ठेवलं.

हो, कळतं मला. ते सहा हजार माझ्या लाजेचे गेले. … कळतं, बेटा. तू सांगायची गरज नाही.

मी नाही दिली. आईनं दिली. तो सकाळी गाडी न्यायला आला, तर हिनं डाव्या हातानं पिशवी ओढली, वही काढली आणि टाकली त्याच्या पायापाशी. मला तर जमिनीत जावंसं वाटलं. पण त्यानं उचलली, उभ्या उभ्याच वाचली. हसला नाही. म्हणाला, “सर, दहा खेपा गाडी ब्रेकरवर नाई तं फाटकावर बंद पडली. म्हंजे हिसका बसला की बंद. तुमी पयलेच काऊन नाई दाखवली?”

अकरावी? … अकरावी माझीच. तिसऱ्या गिअरवर उठवत होतो. तसं लिहिलं आहे त्यात.

मग ब्रेकरवर त्याच्या हातात बंद पडली, तशी ढकलत गॅरेजला नेली. यंत्र ठेवलं बाजूला. इंजिन सुरू करून एकेक वायर बोटानं हलवून पाहत बसला. खाली, बॅटरीच्या मागे, क्रँकच्या सेन्सरकडे जाणारी एक वायर आहे. तिला बोट लागलं की इंजिन बंद. पाहतो तर वरचं प्लास्टिक गायब, आतलं तांबं उघडं, दोनच तार शिल्लक. सपाट रस्त्यावर टेकलेली राहायची, हिसक्यात सुटायची. सेन्सर बिचारे चांगलेच होते, जुनेही आणि नवेही. त्यांचा निरोपच पोचत नव्हता.

झिजली नाही… कुरतडलेली होती. … उंदीर. हो, उंदीर.

दोनशे रुपयांत झालं. तुकडा कापून नवी वायर जोडली, वरून नळी चढवली. मग त्याच ब्रेकरवरून वीसदा तरी गाडी नेली-आणली. शेवटी पानठेलेवाला विचारायला आला, काय हरवलं म्हणून. … एकदाही नाही. एकदाही नाही बंद पडली. शेवटच्या पाच खेपा तर मी चालवली.

जुने सेन्सर आणि वायरचा तो तुकडा दिला ना परत, कागदात बांधून. तोही ओशाळला होता. मजुरी परत करतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. … हो, चुकलं असेल. माझं काय, नेहमीच चुकतं.

उंदीर? … आपल्याकडे नव्हते ना कधी. … हो, आता आहेत.

अगं… ते असं झालं… तेच तुला सांगायचं नव्हतं. टेकचंदचं धान आहे आपल्या पोर्चमध्ये. … आपला शेजारचा टेकचंद, दुसरा कोण. … सत्तर कट्टे. पोत्यांची थप्पी गाडीला लागूनच.

दिवाळीपासून. तू नागपूरला परत गेलीस त्यानंतर.

आठ दिवस ठेवतो म्हणाला होता, सर, खरेदी केंद्र सुरू झालं की नेतो. मग केंद्र सुरू झालं तर बारदाना नाही आला, सरकारी पोतीच नव्हती. बारदाना आला तर याचं टोकन नाही आलं. आता जानेवारी उजाडला. … त्याच्या घरी जागा नाही गं. असेल… मला काय माहीत, मी विचारलं नाही.

तंबाखू बांधला होता ना बोनेटमध्ये! सगळे सांगतात म्हणून. पुडीच नेली उंदरांनी.

कसं नाही म्हणणार, दीप्ती? … तू म्हणशील. तू बँकेत काम करतेस. … आईला लकव्याचा झटका आला त्या दिवशी काय झालं, ते तुला ऐकून माहीत आहे. मी पाहिलं आहे. मी फोन शोधत होतो. हातात धरलेला फोन शोधत होतो मी. टेकचंद धानाच्या रोवणीतून तसाच धावत आला, चिखलाच्या पायांनी. तिला उचललं आणि गाडीत ठेवलं. मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि मला सांगत गेला, सर, पुढे पाहा, सर, डावीकडे घ्या. डॉक्टर म्हणाले होते ना, अर्धा तास उशीर झाला असता तर… त्या माणसाला मी सांगू, तुझे कट्टे उचल?

गाडी बाहेर ठेवली आहे. रस्त्यावर, ताडपत्री घालून. … हो. हो, ते तिथेही येतील. दोन पावलं तर आहे.

नंबर नाही देणार. … नाही म्हणजे नाही. तू नोटीस काढल्यासारखी बोलशील त्याच्याशी.

थांब… गेट वाजलं. … तोच. रोज येतो या वेळी, कट्टे पाहायला. … बरं, नाही ठेवत फोन. पण तू मध्ये बोलू नको.

राम राम, टेकचंद! ये, ये. … दीप्ती आहे फोनवर. … हो, सांगतो. दीप्ती, तो विचारून राहिला, बरी आहेस ना. … बरी आहे म्हणते. … चहा घेतोस? … अगं, सांगतो ना! आधी चहाचं तर विचारू दे.

… घेऊन आला? बरं.

टेकचंद, म्हणजे… तसं काही नाही. … गाडी? हो, बाहेर काढली. … कायले म्हणजे… उंदीर, बाबू. वायर खाल्ली उंदरांनी. ही पाहा. … हो, त्यामुळेच बंद पडत होती. रुळांवरही त्यामुळेच. … नाही, तुझे उंदीर असं नाही म्हणत मी. उंदीर काही कोणाचे नसतात. … पण धानावर येतात ना. तुझे फार उपकार आहेत, म्हणजे त्या दिवशी… तू नसतास तर… आणि काकूला शुक्रवारी न्यावं लागते, म्हणून मी म्हणत होतो… दोन दिवसांनी… म्हणजे आजच असं नाही… टेकचंद, धान आणि गाडी एका ठिकाणी ठेवता येत नाही. कट्टे हलव.

…

श्… थांब, दीप्ती. कट्ट्यांकडे पाहून राहिला.

… हसला.

म्हणतो, “इतकंच ना, सर? तुमचा चेहरा पाहून मले वाटलं, काकूचंच काही झालं.”

काय? … तुझ्या गोठ्यात? आणि म्हैस? … विकली? कधी? … अरे, मला दिसलंच नाही.

दीप्ती, ऐक, हा काय म्हणतो. कट्टे सत्तर आहेत, गाडी एक आहे, मग हलवायचं काय? गोठा पोळ्यापासून रिकामा आहे, ओल आहे म्हणून धान नाही ठेवलं, पण खाली फरशी, उंदराला बीळ नाही, गाडी तिकडे ठेवा. … हसू नको गं. … हो, आम्हाला दोघांनाही नाही सुचलं. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

कट्टे सोमवारी जातील म्हणतो. टोकनचा मेसेज आला. … हो, मागचाही सोमवारच होता.

जातो म्हणतो तो, गोठा झाडायला. हो टेकचंद, आलोच मी.

… बोल. … किल्ली?

हं. … नाही, टाळत नव्हतो. … दीप्ती, वायर उंदरांनी खाल्ली, मी नाही खाल्ली. … हो, आज सापडलं. उद्या आणखी काही बिघडेल, हे खरं आहे. गाडीचंही बिघडेल, माझंही बिघडेल. … डोळे तपासले ना दिवाळीत. तूच नेलं होतंस. … अंधारात नाही चालवणार, कबूल. पावसात नाही, कबूल. ज्या दिवशी पाय खरंच चुकेल त्या दिवशी तू विचारायच्या आधी किल्ली तुझ्या हातात देईन. मला कळेल. महिनाभर तेवढंच तर तपासत होतो.

पण तो दिवस अजून आला नाही, बेटा.

थकलो मी. खरंच थकलो. रोज स्वतःवर खटला चालवायचा, आणि वकीलही आपणच, आरोपीही आपणच. आता ऐक. शुक्रवारी साडेनऊला मी आईला घेऊन निघतो. हळू जाईन, चाळीसच्या वर नाही. पोचलो की तुला फोन करतो. … नाही, दीप्ती, मी विचारून नाही राहिलो. सांगून राहिलो.

…

… चालेल ना?

…

बरं. बरं, तीस. ठेवतो.